सांडपाण्याच्या शुद्धीसाठी सूर्यप्रकाश

कापड रंगविण्याच्या व्यवसायातून बाहेर पडणारे रंगीत पाणी नाल्यावाटे नदीस मिळते आणि पुढील गावांच्या पाणवठ्यावर येते. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या नगरामुळे पंचगंगेच्या काठी हा प्रश्न परिचयाचा आहे. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात जिवाणूंकरवी घाणीचे विघटन केले जाते. परंतु अनेक कृत्रिम रंग, कीटकनाशके व औषधांचे अंश जिवाणूंना पचत नाहीत. अशा चिवट द्रव्यांसाठी प्रकाश-उत्प्रेरणाची पद्धत उपयोगी पडते.

या संशोधनास चालना दिली ती अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी. टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविता येते, हे त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. पांढऱ्या रंगलेपात वापरला जाणारा हाच पदार्थ होय. अतिनील किरण पडताच त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात व पाण्यापासून अतिशय क्रियाशील असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात. हे मूलक रंगद्रव्याचे रेणू तोडतात. क्रिया पूर्ण झाल्यास अखेरीस मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधे क्षार उरतात. उत्प्रेरक मात्र खर्ची पडत नाही.

ही क्रिया कणांच्या पृष्ठभागावर घडते. म्हणून कण जितके सूक्ष्म, तितका पृष्ठभाग अधिक. सुमारे २१ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या २१ अब्जांश आकाराच्या कणांच्या एक ग्रॅम भुकटीचा पृष्ठभाग जवळजवळ ५० चौरस मीटर भरतो.

तथापि या पद्धतीस मर्यादा आहेत. सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. गढूळ वा गडद पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही. सूक्ष्म कण पाण्यातून परत काढणे कठीण असल्याने ते काचेवर अथवा अन्य आधारावर बसवावे लागतात. जड धातू व क्षार यांचा तर याने नाश होत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पाण्याचा रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. अर्धवट तुटलेले रेणू डोळ्यांना दिसत नाहीत. प्रसंगी ते मूळ रंगाहूनही घातक ठरतात. त्यामुळे रासायनिक ऑक्सिजन मागणीची व विषारीपणाची तपासणी केल्याखेरीज असे पाणी नदीत वा शेतात सोडणे उचित नाही. सध्याच्या शुद्धीकरण केंद्रास ही पद्धत पर्याय नसून पूरक अशी अखेरची पायरी आहे, हे ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.