न सांगितलेलं

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एकाने लागोपाठ दोन भेटी रद्द केल्या, तेव्हा रात्री साडेदहाला मी मोबाइलवर त्याचं नाव टाकलं. काळजी होती, कुतूहलही होतं. पहिल्याच फोटोत तो आणि एक शाळकरी मुलगी, तिच्या हातात ट्रॉफी. चार महिन्यांत त्याने मुलीचा विषय एकदाही काढला नव्हता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पुढच्या भेटीत माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलगी काय म्हणतेय?"

त्याने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मॅडम, मला मुलगी आहे हे मी तुम्हाला कधी सांगितलं?"

मी खरं ते सांगून माफी मागितली. त्यानंतर तो आला नाही.

फोटो तर सगळ्यांना दिसत होता, मग बिघडलं कुठे? समुपदेशनात माणूस काय सांगतो याइतकंच तो ते कधी सांगतो, हेही महत्त्वाचं असतं. मुलीच्या विषयापर्यंत तो त्याच्या चालीने आला असता. मी मागच्या दाराने आधीच आत जाऊन बसले होते.

क्लिंटन, सिल्व्हरमन आणि ब्रेंडेल यांनी २०१० साली 'हार्वर्ड रिव्ह्यू ऑफ सायकिअॅट्री'त रुग्णाची माहिती इंटरनेटवर शोधण्याविषयी लेख लिहिला. शोध घेण्यापूर्वी स्वतःला विचारायचे त्यातले सहा प्रश्न आता माझ्या टेबलाच्या खणात असतात. हे मला कशासाठी हवंय? उपचाराला मदत होईल की बाधा येईल? आधी संमती घ्यावी का? सापडलेलं रुग्णाला सांगावं का? नोंदीत लिहावं का? माझा हेतू मी पुन्हापुन्हा तपासणार कसा? त्या रात्री मी पहिल्याच प्रश्नाला अडले असते.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. रुग्णाने सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे आम्ही सगळे पाळतो. त्याने न सांगितलेलं आत ओढून आणायचं नाही, हेही तितक्याच कसोशीने पाळायला हवं.

जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. कुणी आत्महत्येबद्दल बोलून गेलं आणि फोन लागेना, तर मी मिळेल तिथून पत्ता शोधेन. म्हणूनच जवळच्या माणसाचा नंबर पहिल्याच दिवशी लिहून घेते आणि संमतीपत्रातली ओळ वाचून दाखवते: जिवाला धोका नसेल, तर तुम्हाला विचारल्याशिवाय मी इंटरनेटवर तुमची माहिती शोधणार नाही.

कधी एखादी बाई स्वतःच फोन पुढे करते, "हे बघा, नणंदेने काय टाकलंय." आम्ही दोघी मिळून वाचतो. फोन तिच्याच हातात असतो. कुठवर वाचायचं, ते तिचं बोट ठरवतं.