कालव्याच्या उगमाकडे सहकुटुंब

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन कोठे तरी डोंगरात पायी हिंडून यावे असा बेत बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील पुष्कळ घरांत होतो, आणि महाबळेश्वर, माथेरान ही ठरलेली नावे तेव्हा पुढे येतात. परंतु ज्या पाण्यावर या घरांचे उसाचे मळे उभे आहेत, ज्या पाण्याच्या आवर्तनाची तारीख येथे लग्नाच्या तिथीइतक्याच काळजीने विचारली जाते, ते पाणी ज्या अरण्यमय डोंगरांतून येते तो भोर तालुक्याचा पश्चिम भाग मात्र त्या बेतात क्वचितच असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की या दोन तालुक्यांतील मुलांनी सह्याद्री पाहावयाचा तो प्रथम आपल्या कालव्याच्या दिशेने वर चढत पाहावा. त्यासाठी गिर्यारोहकाची सिद्धता लागत नाही. आजीआजोबांनाही सोबत नेता येईल अशा वाटा त्या प्रदेशात आहेत.

बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाकाठी सुमारे वीस इंच पाऊस, तोही लहरी. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापुराकडची कडबनवाडीची कुरणे हे या भूमीचे खरे नैसर्गिक रूप असून चिंकारा हरणासाठी ती पाहावीतच; भादलवाडीच्या ब्रिटिश अमदानीतील तलावात बाभळींवर चित्रबलाकांची घरटी पाहणे हाही मुलांना आयुष्यभर पुरणारा अनुभव आहे. परंतु डोंगर आणि अरण्य म्हणावे असे येथे काही नाही. ते आहे पश्चिमेला, जेथे वर्षाकाठी येथल्या कित्येक पट पाऊस पडतो, आणि या दोन भूभागांना जोडणारे सूत्र म्हणजे नीरा नदी व तिचा डावा कालवा.

१८७६ ते १८७८ या दुष्काळाने दख्खनची जी वाताहत केली, तिच्यानंतर या भागात कायमच्या पाटबंधाऱ्याची निकड सरकारदरबारी मान्य झाली, आणि १८८५ च्या सुमारास नीरेवरील वीरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले. पावसाळ्यानंतर नदीला पाणी राहत नसल्याने वर सह्याद्रीत साठा करणे प्राप्तच होते. म्हणून भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघर येथे दगडी धरण बांधण्यात आले. ते अपुरे पडू लागल्यावर त्याच खोऱ्यात १९२७ मध्ये आजचे मोठे धरण पुरे झाले, ज्याला मुंबईच्या एका गव्हर्नरच्या नावावरून लॉईड धरण म्हणत आणि ज्याच्या जलाशयाला आता शिवाजी महाराजांचे सहकारी येसाजी कंक यांचे नाव आहे. धरणाची लांबी मैलाहून किंचित अधिक, उंची सुमारे १९० फूट, साठा जवळजवळ साडेतेवीस टीएमसी (अब्ज घनफूट). दरवाजे ८१, त्यांपैकी ४५ पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडणारे. या पाण्यामुळे माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे साखर कारखाने शक्य झाले, आणि त्यांच्याही आधी १९३० च्या दशकात कळंबच्या ओसाड माळावर वालचंदनगर वसले.

भाटघरपासून बारामतीपर्यंत हे पाणी नळाने येत नाही, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावयाची गोष्ट आहे. धरणातून सोडलेले पाणी वेळवंडीच्या पात्रात उतरते, वेळवंडी नीरेला मिळते, नीरा वीरला अडते आणि तेथे ते पाणी कालव्याच्या तोंडी लागते. पुढे अनेक गावांच्या शिवारांतून फाटे, चाऱ्या, पाट असे विभागत जाणारे हे पाणी कोठेही उपसले न जाता केवळ उताराने वाहते, आणि तो उतार इतका सौम्य आहे की चालणाऱ्याच्या पायाला तो कळतही नाही. लहान मुलांची पहिली पायपीट म्हणूनच कालव्याच्या कडेच्या सपाट रस्त्यावर व्हावी. पाटकरी आणि कालवा निरीक्षक ज्या वाटेने हिंडतात त्या वाटेवर सकाळच्या प्रहरी तास-दोन तास चालले, एखादी मोरी, एखाद्या फाट्याचे दार पाहिले, की आपल्या शेतातील पाण्यामागे केवढा कारभार आहे याची कल्पना मुलांना येते. मात्र आवर्तन चालू असताना पाण्याचा वेग फसवा असतो आणि काठ निसरडा. त्या काळात मुलांचा हात सोडू नये, पाण्यात तर मुळीच उतरू देऊ नये.

पाटांच्या देखरेखीच्या वाटा अशा पायपिटीसाठी कशा उपयोगी पडतात याचे उदाहरण परदेशात आहे. जर्मनीत हार्झ नावाचा वनाच्छादित पर्वत आहे. तेथील चांदीच्या खाणींतील पाणी उपसण्यासाठी आणि यंत्रचक्रे फिरविण्यासाठी शतकानुशतके माणसांनी डोंगरउतारांवर तळी बांधली आणि शेकडो किलोमीटर लांबीचे पाट कोरले. खाणी बंद पडल्या, परंतु पाटांची देखरेख करणाऱ्यांच्या वाटा राहिल्या, आणि आज त्याच सपाट वाटांवरून माहितीफलक वाचत कुटुंबेच्या कुटुंबे अरण्यात हिंडतात. ही जलव्यवस्था २०१० मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाली. आपल्याकडे सामग्री उणी नाही. वीरच्या कालवामुखाशी आणि ठिकठिकाणच्या जुन्या दगडी मोऱ्यांशी जलसंपदा खात्याने चार ओळींचे मराठी फलक जरी लावले, तरी शाळांच्या सहली तेथे थांबू लागतील.

बारामतीहून नीरा, लोणंद, शिरवळ या मार्गाने भोरला पोहोचले की भूमीचा वर्ण पालटतो. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, रोहिडखोरे ही नावे शिवचरित्रात वाचलेली असतात. येथे ती नद्यांच्या खोऱ्यांच्या रूपाने समोर उभी राहतात. पहिला टप्पा अर्ध्या दिवसाचा असावा आणि त्यासाठी आंबवड्याचे नागेश्वर मंदिर फार चांगले: ओढ्यावरचा झुलता पूल, वृक्षांची दाट छाया, खळाळते पाणी, आणि वृद्धांना बसावयास मंदिराचा प्रशस्त परिसर. पाच-सहा वर्षांची मुले येथे कंटाळत नाहीत.

त्यापुढची पायरी रायरेश्वराची, आणि या साऱ्या प्रदेशात एकच ठिकाण निवडावे लागले तर मी हेच निवडीन. साडेचार हजार फूट उंचीच्या आसपासचे हे विस्तीर्ण पठार. १६४५ मध्ये शिवाजी महाराजांनी येथील महादेवापुढे स्वराज्याची शपथ घेतली असे परंपरा सांगते. गाडी आता बरीच वरपर्यंत जाते, उरलेला चढ थोडा आहे, आणि शेवटच्या कातळाला लोखंडी शिडी आहे. तेथे मुलाच्या मागे एक आणि पुढे एक असे मोठे माणूस असावे, म्हणजे भय नाही. वर जंगम कुटुंबांची वस्ती आहे, गोमुखातून पडणारे पाणी आहे, भाद्रपदाच्या सुमारास रानफुलांचे गालिचे आहेत. परंतु मला येथे मुलांना दाखवावीशी वाटते ती दुसरीच गोष्ट. या पठाराच्या उत्तर अंगावर पडलेला पाऊस नीरेकडे उतरतो आणि बारामतीला येतो, दक्षिण अंगावर पडलेला वाईकडे कृष्णेला मिळतो. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते, भीमा कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला भेटते, आणि एका पठारावर पाठीला पाठ लावून निघालेले ते दोन थेंब शेकडो मैलांच्या प्रवासानंतर एका प्रवाहात येतात. पाठ्यपुस्तकातील जलविभाजक दहा वेळा वाचून जे ध्यानात राहत नाही, ते येथे उभे राहून दोन्ही दऱ्यांकडे पाहिल्याने क्षणात उमगते.

थोडी मोठी, दहा वर्षांपुढची मुले असतील तर राजगड. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत हा आहे, आणि त्याचे पाणीही आपलेच आहे: उत्तर अंगाचे ओढे गुंजवणी नदीत, दक्षिण अंगाचे वेळवंडीत, आणि दोन्ही नद्या नीरेत. पाली दरवाज्याची वाट लांब खरी, परंतु रुंद पायऱ्यांची आणि सोपी. कुटुंबाने याच वाटेने जावे. पद्मावती माचीवरील तळे आणि कातळात खोदलेली टाकी अवश्य पाहावीत, कारण ऐन शिखरावर पाणी साठवून शिबंदी बारमाही पोसण्याची ही विद्या भाटघरच्या कितीतरी आधीची आहे. बालेकिल्ल्याचा चढ उभा आहे; लहानांसाठी तो हट्ट धरू नये.

पश्चिमेकडे वरंध घाटाच्या बाजूला, शिरगावच्या परिसरात जेथे नीरेचा उगम आहे, तेथे अरण्य दाट होत जाते: ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनी, जाळ्यांत करवंद, आणि उतारांवर सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐकू येतो. या झाडांकडे केवळ शोभा म्हणून पाहू नये. त्यांची मुळे माती धरून ठेवतात म्हणून ती माती जलाशयात येत नाही. उन्हाळ्यात कोणी वणवा लावला, डोंगर उघडे पडले, की पहिल्या पावसात तीच माती धरणात जाऊन बसते आणि तेवढे पाणी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला कायमचे कमी होते. म्हणून डोंगरात चूल पेटवू नये, विडी-सिगारेट तर नाहीच.

जाण्याचा उत्तम काळ कार्तिक ते माघ. भर पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, शेवाळलेले कातळ मोठ्यांनाही पाडतात. धरणाच्या भिंतीवर परवानगीवाचून जाता येत नाही. जलाशयाचे दर्शन काठच्या रस्त्यांवरून घ्यावे आणि पाण्यात पोहण्याचा मोह टाळावा, कारण धरणाचा काठ एकाएकी खोल होतो.

आणखी एक गोष्ट. भाटघरच्या पाण्याखाली वेळवंड खोऱ्यातील गावांची भातखाचरे आणि गावठाणे गेली. वैशाखात पाणी ओसरले की कांबऱ्याजवळ नदीपात्रातील जुने कर्महरेश्वर मंदिर उघडे पडते. इंदापूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे पळसनाथ मंदिर त्यांनी तसेच वर येताना पाहिले आहे. ज्या खोऱ्याने जमीन दिली ते आजही कोरडवाहू भातावर आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पैशांवर दिवस काढणारे आहे, आणि बागायतदार मात्र तेथे गेला तर शहरातून डबे बांधून नेतो, खाऊन परत येतो. तसे करू नये. गावात आदल्या दिवशी निरोप दिला तर तांदळाची भाकरी, कालवण आणि इंद्रायणीचा भात अशी जेवणे घरोघर मिळतात. त्यांचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, वाटाड्या गावातलाच घ्यावा, आणि मुलांना त्या घरातील म्हाताऱ्या माणसांजवळ बसवून धरणापूर्वीचे गाव कसे होते ते विचारू द्यावे.