हुचिपिलाच्या बाजारातली बी

चिलगोजा आपल्याकडे सुक्या मेव्याच्या दुकानात मिळतो. भाव ऐकून बरेचजण मुकाट्याने बदामाकडे वळतात, ते सोडा. ही बी हिमालयातल्या एका पाइनची. मेक्सिकोतही खाण्याजोग्या बियांचे पाइन आहेत. तिथे त्या बियांना पिन्योन म्हणतात. नेहमीचा पिन्योन सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरचा असतो. पण साकातेकास राज्यातल्या हुचिपिला गावच्या बाजारात येझी झेडोव्स्की यांना जे पिन्योन विकायला ठेवलेले दिसले, ते दोन सेंटिमीटरहून लांब होते. कवचही चांगलंच जाड. झेडोव्स्की वनस्पतिशास्त्रज्ञ, जन्म त्या वेळच्या पोलंडमधला, दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकोत स्थायिक झालेले. एवढी मोठी बी माहितीतल्या कुठल्याच पिन्योनची नव्हती.

बी हातात आली म्हणजे झाड सापडलं असं नाही. ते जवळच्या डोंगरात निघालं. गावकऱ्यांना ते अर्थातच ठाऊक होतं. विकणाऱ्यांनी बिया कुठून आणल्या असतील? शास्त्राच्या दप्तरी मात्र त्याची नोंद नव्हती, आणि ‘नवी प्रजाती’ या शब्दांचा अर्थ तेवढाच.

मग नमुने गोळा करायचे. पानांसकट फांदी, शंकू, बिया आणि सोबत टिपण: जागा, उंची, तारीख, झाडाचा घेर, सालीचा रंग. साल आणि उंची कागदावर चिकटवता येत नाही, म्हणून टिपण हवंच. फांदी दाबून वाळवतात आणि जाड कागदावर लावतात. मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये असे हजारो कागद जपलेले आहेत. या पाइनचा शंकू मात्र वीस-बावीस सेंटिमीटर लांब आणि हिरवा असताना दोन किलोपर्यंत भरणारा. तो कुठल्या कागदावर लावणार? असले शंकू वेगळ्या खोक्यात ठेवतात, त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधून.

खरं काम यापुढे सुरू होतं, आणि ते टेबलाशी बसून करायचं असतं. पाइनची पानं म्हणजे सुया, आणि त्या जुडीने येतात. आधी जुडीत सुया किती ते मोजायचं. आपल्या चिलगोज्याला तीन, मेक्सिकोतल्या नेहमीच्या पिन्योनला बहुधा दोन किंवा तीन, आणि या झाडाला पाच. मग एक सुई पात्याने आडवी कापून तिची पातळ चकती भिंगाखाली धरायची. मधोमध रसवाहिन्यांचा एकच जुडगा दिसला तर झाड पाइनच्या एका मोठ्या शाखेतलं, दोन दिसले तर दुसऱ्या. हिमालयातला चीड दुसऱ्या शाखेतला; चिलगोजा आणि हे झाड पहिल्या. पुढे शंकूचे खवले आणि बीला पंख आहे की नाही, हे पाहायचं. पिन्योनच्या बियांना बहुधा उपयोगी पंख नसतो. त्या वाऱ्यावर जात नाहीत, पक्षी आणि खारी नेतात.

बी रुजवून पाहिली की आणखी एक गंमत दिसते. ज्वारीला एक बीजपत्र, घेवड्याला दोन. या पाइनच्या रोपाला अठरा ते चोवीस! इतकी बीजपत्रं दुसऱ्या कुठल्या वनस्पतीत आढळलेली नाहीत.

हे सगळं जुन्या वर्णनांशी आणि नमुन्यांशी ताडून पाहायचं. इथे घाई केली की फजिती ठरलेली. मेक्सिकोत पाइनच्या पन्नासच्या आसपास प्रजाती आहेत, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. वेगळ्या दिसणाऱ्या झाडाला कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच नाव दिलेलं असू शकतं, आणि मग नियमाने जुनंच नाव खरं.

कुठलंच नाव लागू पडत नाही अशी खात्री झाली की बारसं. त्याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. नाव लॅटिन धर्तीचं हवं. त्या काळी वर्णनही लॅटिनमध्ये द्यावं लागे. इंग्रजी वर्णन चालू लागलं २०१२ पासून. आणि एक ठरावीक नमुना ‘प्रमाण नमुना’ म्हणून नेमून हर्बेरियममध्ये ठेवायचा. उद्या वाद झाला तर निकाल त्या नमुन्याकडे पाहूनच लागतो, वर्णन कितीही सुरेख असो.

झेडोव्स्की यांनी १९६४ मध्ये ‘सिएन्सिया’ या मेक्सिकन नियतकालिकात वर्णन छापलं आणि झाडाचं नाव ठेवलं पायनस मॅक्सिमार्टिनेझिआय. मेक्सिकोच्या पाइनांवर आधारभूत ग्रंथ लिहिणाऱ्या मॅक्सिमिनो मार्टिनेझ यांचं नाव आणि आडनाव त्यात एकत्र गुंफलेलं आहे.

स्वतःच शोधलेल्या झाडाला स्वतःचंच नाव देण्याची पद्धत नाही. पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, मिचोआकान राज्यातल्या आणखी एका नव्या पाइनचं वर्णन दोन मेक्सिकन शास्त्रज्ञांनी छापलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं पायनस झेडोव्स्किआय. त्याच्या बीला मात्र पंख आहे.