पोटाचा पट्टा : आधार किती आणि उपचार किती

सोलापूर हे कापडाचे गाव. 1877 साली येथे जुनी गिरणी सुरू झाली. तिचा भोंगा आज ऐकू येत नसला, तरी यंत्रमागांची खडखड आणि चादरी-टॉवेलांचा व्यापार अजून चालूच आहे. अशा गावात हर्नियासंबंधी बोलावयाचे तर ते कापडाच्या भाषेत बोलणेच सोयीचे. कारण हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीचे वस्त्र एखाद्या जागी विरणे, आणि त्या विरलेल्या जागेतून आतली चरबी किंवा आतडे बाहेर डोकावणे. आपल्या आजी-आजोबांच्या मराठीत यालाच अंतर्गळ म्हणत. त्यावरील शस्त्रक्रियेनंतर पोटाला जो रुंद पट्टा बांधतात, तो नेमके काय करतो आणि काय करीत नाही, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान आहे. पण त्याविषयीचा गैरसमज मात्र महागात पडू शकतो.

प्रथम ही भिंत कशी असते ते पाहू. पोटाच्या दोन्ही अंगांना स्नायूंचे तीन थर एकावर एक पसरलेले असतात. बाहेरच्या थराचे तंतू तिरपे खाली उतरतात, मधल्याचे त्यांना छेद देत वर जातात आणि सर्वांत आतल्याचे आडवे धावतात. ताणा आणि बाणा यांनी कापडाला जसे बळ येते, तसेच या उलटसुलट तंतूंनी पोटाला येते. तरीही काही जागा जात्याच कच्च्या राहतात : जांघ आणि बेंबी या त्यांतल्या मुख्य. जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण ही तिसरी. आतून दाब तर सारखा असतोच. माणूस नुसता उभा असताना पोटातील दाब पाऱ्याच्या सुमारे 20 मिलिमीटर असतो. जोराने खोकताना तो 100 च्याही वर जातो.

अशी जागा दुरुस्त कशी करावयाची? इटलीतील पादुआ येथे एदोआर्दो बासिनी यांनी 1884 साली जांघेच्या हर्नियासाठी पक्क्या शिवणीची पद्धत सुरू केली. परंतु विरलेल्या कापडाचे काठ ओढून एकत्र शिवले, तर ताण शिवणीवर येतो, हे शिंप्याला सांगावे लागत नाही. म्हणून पुढे ओढून न शिवता आतून जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत रूढ झाली. शरीर त्या जाळीच्या छिद्रांतून आपले नवे तंतू विणते आणि ठिगळ भिंतीचाच भाग होऊन जाते.

या जाळीच्या कथेत महाराष्ट्राचा मानाचा वाटा आहे. परदेशी जाळी गरिबाला परवडत नाही, हे पाहून धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. त्यांनी व इतर गावांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीनशेहून अधिक हर्नियांवरील अनुभव 2003 साली प्रसिद्ध केला. 2016 साली युगांडातील 302 पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. वर्षानंतर हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण स्वस्त जाळीत 0.7 टक्के होते, महागड्या जाळीत शून्य. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. तात्पर्य इतकेच की, हर्नियाची खरी दुरुस्ती आतल्या कापडाने होते. पट्टा हे बाहेरचे कापड आहे.

मग बाहेरच्या कापडाचे काम काय? आपल्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या मऊ लुगड्याने बांधण्याची चाल आहे. हमालही ओझे उचलण्यापूर्वी कंबर कसतो. म्हणून पोट बांधले की आत बळ आले, ही समजूत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धे. पट्टा ढिल्या पडलेल्या भिंतीला बाहेरून टेकू देतो. उठताना, खोकताना, शिंकताना जखमेला बसणारा हिसका त्याने थोडा कमी जाणवतो आणि रुग्णाला चालण्याचा धीर येतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर पट्टा बांधणारे रुग्ण अधिक चालू शकतात, असे काही पाहण्यांत दिसले आहे. आणि लवकर चालणे हे पायात रक्ताची गुठळी होऊ न देण्याचे व छाती मोकळी ठेवण्याचे उत्तम साधन आहे. याउलट, डेन्मार्कमध्ये बेंबीच्या व तिच्या वरच्या लहान हर्नियांवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. तीत पट्टा बांधलेल्यांच्या वेदना कमी झाल्या नाहीत, की जखमेखाली पाणी साचणेही कमी झाले नाही. तरी त्यांपैकी बहुतेकांनी पट्ट्याने बरे वाटले असेच सांगितले. बरे वाटणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांतले अंतर विसरून चालत नाही. पट्ट्यामुळे हर्निया पुन्हा होत नाही, असे सिद्ध झालेले नाही.

कोणत्या हर्नियाला कोणता पट्टा, हाही प्रश्न आहे. जुन्या व्रणाच्या मोठ्या हर्नियाला किंवा बेंबीच्या हर्नियाला रुंद पट्टा उपयोगी पडतो. जांघेच्या हर्नियाची जागा मात्र त्या पट्ट्याच्या खाली असते. तेथे पोट आवळून लाभ नाही. फार आवळल्यास आतला दाब खालीच ढकलला जावयाचा. अशा रुग्णाला बहुधा लंगोटासारखा आधार सुचवितात. म्हणून शेजाऱ्याचा पट्टा मागून आणून बांधू नये. आपल्या सर्जनाला विचारावे, आणि घेराचे माप देऊनच तो घ्यावा.

बांधावयाचा तो निजून, पोट सैल असताना. आत दोन बोटे सहज सरकली पाहिजेत आणि श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. दम्याच्या किंवा वयस्क रुग्णाने याकडे विशेष लक्ष द्यावे. जेवल्यावर घशाशी आंबट येऊ लागले तर तो सैल करावा. बहुतेकांना निजताना त्याची गरज नसते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो. तेव्हा घामाने जखमेभोवती खाज व पुरळ येते. आत पातळ सुती बनियन घालावे, शक्य तर दोन पट्टे ठेवून एक रोज धुवावा, आणि दिवसातून एकदा पट्टा काढून जखम पाहावी. लाली, पू, वाढती सूज किंवा ताप दिसला की पट्टा अधिक आवळून उपयोग नाही, डॉक्टरांकडे जावे. किती दिवस बांधावयाचा, हे हर्नियाच्या आकारावर अवलंबून असते. पण सर्जनाने थांबा म्हटल्यावर थांबावे. कायमचा टेकू मिळाला की स्नायू आळसावतात.

खरा धोका पट्ट्यात नसून त्याने येणाऱ्या खोट्या धैर्यात आहे. मागावर रोजंदारी करणाऱ्याला घरी बसणे परवडत नाही, हे मान्यच आहे. पट्टा बांधला म्हणून तो दुसऱ्या आठवड्यात सुताची गठडी उचलू लागतो. परंतु शिवलेल्या जखमेला तिसऱ्या आठवड्याअखेर मूळ ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो. सुमारे 80 टक्के ताकद यायला तीन महिने लागतात. म्हणून साधारणतः चार ते सहा आठवडे, आणि मोठ्या हर्नियात त्याहूनही अधिक, जड ओझे वर्ज्य समजतात. मालकाने तेवढे दिवस बसून करण्याचे हलके काम दिले, तर तो उपकार नव्हे, शहाणपणाचा हिशेब आहे. हर्निया पुन्हा झाला तर कामगार दुसऱ्यांदा घरी बसतो. ओझ्याइतकाच खोकला वैरी आहे, म्हणून विडी व तंबाखू सोडावी. खोकला आलाच तर पोटाशी उशी धरावी. शौचास कुंथावे लागू नये म्हणून पाणी आणि भाजीपाला भरपूर घ्यावा.

दुसरा धोका याहून मोठा : शस्त्रक्रिया टाळून वर्षानुवर्षे पट्ट्यावर काढणे. पट्ट्याने भोक बुजत नाही, ते नुसते झाकले जाते. न त्रासणाऱ्या हर्नियाला काही काळ थांबता येते, पण तो निर्णय डॉक्टरांनी पाहून द्यावयाचा. आणि गाठ एकाएकी कठीण झाली, दुखू लागली, आत जाईनाशी झाली, उलट्या होऊ लागल्या किंवा वायू सरेना, तर आतडे अडकल्याची शंका घ्यावी. अशा वेळी पट्टा सोडावा, गाठ जोराने आत दाबू नये, काही खाऊ-पिऊ नये, आणि त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा तुटलेले आतडे काही तासांतच निकामी होते. सोलापुरात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालयही आहे. तेव्हा सकाळपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.

पट्टा अवश्य बांधावा, पण शस्त्रक्रियेनंतर, सर्जनाने सांगितला असेल तर आणि सांगितले तितकेच दिवस. आतले विणकाम पुरे व्हायला जो वेळ लागतो, तो शरीराला दिलाच पाहिजे. घाईने मागावरून उतरविलेले कापड टिकत नाही, हे या गावाला कोणी शिकवावयास नको.