मांजराच्या नावावर पेपर, हिग्जच्या नावापुढे शून्य!

प्राध्यापकाची बढती असो, विभागाचं अनुदान असो की विद्यापीठाची रँक, प्रश्न ठरलेला: ‘पेपर किती? सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांतले उल्लेख, किती?’ या मोजणीच्या काही भन्नाट गोष्टी.

मूळ कल्पना वकिलांची
कोणत्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यात घेतला गेला, याची सूची अमेरिकी वकील १८७३ पासून वापरत. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी ती युक्ती विज्ञानात आणली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघाला.

एच-इंडेक्स काढा बोटांवर
भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवलं. एखाद्या संशोधकाचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावा. ज्या शेवटच्या क्रमांकाच्या पेपरला निदान क्रमांकाइतकी सायटेशन असतील, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा, सायटेशन आहेत ५०, १८, ७, ५, ३. चौथ्या पेपरला पाच, म्हणजे जमलं. पाचव्याला तीनच, तिथे अडलं. एच-इंडेक्स ४! पहिल्या पेपरला ५० ऐवजी ५,००० सायटेशन मिळाली, तरी चारच.

सहलेखक चेस्टर
मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्यानं लिहिलेल्या पेपरात सगळीकडे ‘आम्ही’ घातलं होतं. जर्नलला हे चालणार नाही, असं सहकाऱ्यानं सांगितलं. जमाना टाइपरायटरचा, म्हणजे सगळी पानं पुन्हा बडवा! त्यापेक्षा त्यांनी आपल्या सयामी मांजराला, चेस्टरला, ‘एफ. डी. सी. विलार्ड’ या नावानं सहलेखक केलं. पेपर १९७५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये झळकला. पुढे काही प्रतींवर सहीच्या जागी चेस्टरच्या पंजाचा ठसाही उमटला.

नसलेला शास्त्रज्ञ
फ्रान्सच्या सिरिल लाबे यांनी संगणकाकडून निरर्थक पेपर लिहवून घेतले, एकमेकांत सायटेशन पेरली आणि २०१० मध्ये ‘आइक अँटकेअर’ या काल्पनिक संशोधकाचा गूगल स्कॉलरवरचा एच-इंडेक्स ९४ वर नेऊन दाखवला.

गाळणी पुण्यात
बोगस जर्नल बाजूला काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ यादी आणली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये यूजीसीनं ही यादी बंद केली.

नऊ पानं पेपर, चोवीस पानं नावं
२०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान सांगणारा ३३ पानी पेपर आला. लेखक ५,१५४! त्यांची आणि त्यांच्या संस्थांची यादीच २४ पानांची.

‘एकही नाही’
ज्यांच्या नावाचा हा कण, त्या पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहा पेपरही लिहिले नाहीत. एडिनबरा विद्यापीठातला त्यांचा विभाग अलीकडच्या पेपरांची यादी मागवी, तेव्हा ते कळवत: एकही नाही. २०१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजच्या काळात आपल्याला नोकरीच मिळाली नसती, असं ते स्वतः म्हणाले.

शेवटी वाचावंच लागतं
ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या विभागांचं संशोधन १९८६ पासून दर काही वर्षांनी तपासलं जातं. २०२१ च्या फेरीत १५७ संस्थांकडून १,८५,५९४ कामं आली. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी, पाहून गुण द्यायला समित्यांना मनाई होती. काम पाहूनच दर्जा ठरवायचा होता. मेहनत मोठी, पण रास्त. कारण ५,१५४ जणांनी ज्या कणाचं वस्तुमान मोजलं, त्याची चाहूल १९६४ मध्ये हिग्ज यांच्या जेमतेम दोन पानी पेपरात लागली होती. मोजणीत तो पेपर एकच भरतो. त्याचं मोल वाचणाऱ्यालाच कळतं.