परभाषेतील चित्रपट आणि आपली मुले

परदेशी चित्रपट ही मोठ्या शहरांतील फिल्म सोसायट्यांच्या सभासदांनी पाहावयाची वस्तू आहे, अशी आपल्याकडे समजूत रूढ झाली आहे. 1968 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी मराठी प्रेक्षकाला जागतिक चित्रपटाची गोडी लावली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु ती गोडी बहुतांशी प्रौढांपुरतीच राहिली. मुलांना असे चित्रपट दाखवावेत असे कोणी सुचविताच पहिला आक्षेप येतो तो, त्यांना भाषा कळणार नाही, हा.

हा आक्षेप बोईसरनजीकच्या सरावलीसारख्या गावी तपासून पाहावा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे या परिसरात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कुटुंबे येऊन राहिली आहेत. वारली बोलणारी मुले तर मूळची इथलीच. यांपैकी अनेकांना शाळेतील प्रमाण मराठी हीच प्रारंभी परभाषा असते. गुरुजींचा चेहरा, हातवारे, आवाजाचा चढउतार यांवरून अर्थ लावीत ती पहिले वर्ष निभावून नेतात. न कळणाऱ्या भाषेतून अर्थ काढण्याची ही विद्या ज्यांना रोजच्या सरावाने साधली आहे, त्यांना फारसी भाषेचे भय का वाटावे?

माजिद माजिदी यांचा 1997 चा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा इराणी चित्रपट घ्या. बहिणीचे बूट भावाच्या हातून हरवतात. बापाजवळ पैसे नाहीत. मग एकाच जोडावर दोघांची शाळा चालते. सकाळच्या पाळीत तिची, दुपारच्या पाळीत त्याची. शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार म्हणून अली तिसरा येण्यासाठी धावतो, आणि पहिला येऊन रडतो! ज्याचे वडील कारखान्यात पाळीवर जातात, त्या मुलाला यात समजावून सांगण्यासारखे काय आहे?

खरी अडचण वेगळीच आहे. चित्रपटाखालची अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात आणि ती भरभर पुढे सरकतात. हिंदीत आवाज बसविणे हा उपाय सोपा खरा, पण त्यात मूळ माणसांचा आवाजच हरपतो. त्यापेक्षा शिक्षकांनी आधी चित्रपट पाहून ठेवावा व मोक्याच्या जागी दोन वाक्ये मराठीत सांगावीत. जपानमध्ये मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारे 'बेन्शी' लोकप्रिय होते. आपल्याकडेही 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मधील पाट्या हिंदी व इंग्रजीत होत्या. त्यामुळे मराठी प्रेक्षकाचे काही अडले नाही.

आरंभ आल्बेर लामोरिस यांच्या 1956 च्या 'द रेड बलून' या फ्रेंच चित्रपटाने करावा. तो 34 मिनिटांचा आहे, म्हणजे शाळेच्या एका तासात बसतो, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. मात्र चित्रपट संपताच 'यावरून काय बोध घ्याल?' असा प्रश्न फळ्यावर लिहू नये. मुलांना आपसांत बोलू द्यावे, मग ते वारलीत का होईना.

केंद्र सरकारची 1955 साली स्थापन झालेली बालचित्रपट संस्था 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. महामंडळाने आणि राज्याच्या शिक्षण खात्याने मिळून निवडक दहा चित्रपटांना मराठी अक्षरे जोडावीत, त्यांच्या प्रदर्शनाची परवानगी मिळवावी व ते शाळांकडे पाठवावेत. अनेक शाळांत पडदा आणि यंत्र आता पोहोचले आहे.