बारा टन सामान घेऊन आलेला बँड

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुण्याच्या बाजूने किवळ्याला सुरू होतो, म्हणजे देहूरोडच्या दारातच. तिथून कळंबोलीपर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. जुना हायवे तर देहूरोडच्या बाजारातूनच जातो. त्यामुळे मुंबईत मोठा कार्यक्रम जाहीर झाला की आमच्याकडच्या पोरांना अंतराची चिंता नसते, चिंता असते ती शिफ्टची. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानात ‘आयर्न मेडन’ वाजवणार हे कळलं तेव्हा पहिली चर्चा झाली ती वाराची. तो शुक्रवार होता. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणजे कार्यक्रम नेमका सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. ज्याची सीएल शिल्लक होती त्याने ती टाकली, ज्याची संपली होती त्याने कुणाशी तरी शिफ्ट बदलून घेतली.

आयर्न मेडन हा लंडनचा हेवी मेटल बँड. स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजवणाऱ्या तरुणाने तो १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये काढला. पहिला अल्बम १९८० चा. भारतात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तो १७ मार्च २००७ ला, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मधली सत्तावीस वर्षं इथल्या चाहत्यांनी कॅसेटवर काढली. एक कॅसेट मित्राची, तिच्यावरून भरून घेतलेली दुसरी, दुसरीवरून तिसरी. तिसरीत झांजांची धार गेलेली असायची आणि गायकाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा. तरीही गाणी शब्दनशब्द पाठ होती. या सत्तावीस वर्षांचं कारण म्हणून ‘भारतात हे संगीत ऐकतं कोण’ असं सर्रास सांगितलं जायचं. मला ते कधीच पटलं नाही. ऐकणारे होतेच. अडलं होतं ते सामान वाहून आणण्यावर.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्या माणसाला हे लगेच समजेल, कारण त्याचं अर्धं आयुष्य माल वेळेवर पोचवण्यात जातं. असा बँड म्हणजे गिटार घेतलेली पाच-सहा माणसं एवढंच नसतं. अँप्लिफायर, ड्रम, दिवे, पडदे, रंगमंचावरचे भलेमोठे पुतळे आणि हे सगळं उभारणारे तंत्रज्ञ त्यांच्याबरोबर असतात. युरोपात हा पसारा ट्रकमध्ये भरतात आणि रात्रीत पुढच्या शहरात नेतात. अमेरिकेतही तसंच. पण युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्ये मुंबईत एक रात्र वाजवायचं म्हटलं की ट्रक कामाचे नाहीत. कंटेनर जहाजाने पाठवला तर तो कित्येक दिवस समुद्रावर आणि तेवढे दिवस त्या सामानावर एकही कार्यक्रम नाही. नेहमीच्या मालवाहू विमानाने आणायचं तर भाडं डोक्यावरून जातं, शिवाय माणसांची तिकिटं वेगळी. एका रात्रीच्या तिकीटविक्रीतून हा खर्च निघत नाही. म्हणून दौऱ्याच्या नकाशात भारत गाळला जायचा.

मेडनने यावर जो तोडगा काढला, तो यंत्राचा होता. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन परवानाधारक व्यावसायिक वैमानिक होता आणि ‘अ‍ॅस्ट्रेयस’ या ब्रिटिश विमान कंपनीत कॅप्टन म्हणून काम करायचा. बँडने याच कंपनीचं बोइंग ७५७ भाड्याने घेतलं. मागच्या भागातल्या आसनांच्या रांगा काढून तिथे सामानाची जागा केली. पुढे माणसं, मागे माल. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये असा बदल करायला विमान वाहतुकीच्या यंत्रणांची मंजुरी लागते, वजन कुठे किती पडतं याचा हिशेब द्यावा लागतो. सामान साधारण बारा टन, माणसं सत्तरच्या आसपास. विमानाच्या शेपटीवर एडीचं चित्र रंगवलं. एडी हा बँडच्या प्रत्येक अल्बमच्या मुखपृष्ठावर दिसणारा सांगाडा. विमानाला ‘एड फोर्स वन’ हे नाव मिळालं आणि कॉकपिटमध्ये स्वतः गायक बसला.

दिवसा विमान उडवायचं आणि रात्री दोन तास गायचं, ही बातमी पेपरवाल्यांना आवडली. मला जास्त मोलाची वाटते ती मागच्या केबिनमधली मोकळी केलेली जागा. तिच्यामुळे मुंबई, पर्थ, मेलबर्न, सिडनी, योकोहामा, लॉस एंजेलिस, मेक्सिको, कोस्टा रिका, बोगोटा, साओ पाउलो, सँटियागो ही ठिकाणं एकाच माळेत ओवता आली. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम. कोस्टा रिका काय, कोलंबिया काय, तिथलेही चाहते आमच्यासारखेच वर्षानुवर्षं वाट पाहत बसलेले.

आणि या जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत. याचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. दौरा सुरू झाला की पहिल्या रात्रीची गाण्यांची यादी जगभर पसरते, मग पुढच्या शहरातल्या लोकांना काय ऐकायला मिळणार हे आधीच ठाऊक असतं. मुंबईच्या लोकांना ते माहीत नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गाणी वाजणार एवढंच बँडने सांगितलं होतं. देहूरोड ते वांद्रे हा सगळा रस्ता पोरं त्यावरच वाद घालत होती. मोटारसायकलवाल्यांना द्रुतगती मार्गावर बंदी, त्यामुळे ते जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरले. तेही खोपोलीत चहाला थांबले तेव्हा हाच विषय. वादाचं गाणं एकच, ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’. कोलरिजच्या कवितेवर रचलेलं, तेरा मिनिटांहून मोठं, आणि वीसेक वर्षांत बँडने न वाजवलेलं. ते वाजेल असं म्हणणाऱ्याला बाकीचे वेड्यात काढत होते.

कार्यक्रमात आधी चर्चिलच्या भाषणाची ध्वनिफीत लागली, मग ‘एसेस हाय’ सुरू झालं. १९४० च्या हवाई लढाईवरचं गाणं. पुढे ‘द ट्रूपर’, १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या घोडदळाच्या चढाईवरचं. देहूरोडचं निम्मं गाव लष्कराचं. कँटोन्मेंट, ऑर्डनन्स डेपो, दारूगोळ्याची फॅक्टरी. इथल्या घरांत फौजेचे किस्से जेवणाच्या ताटावर निघतात. मेडनची गाणी आमच्याकडे लवकर रुजली त्यामागे हे एक कारण असावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या बहुतेक युद्धगीतांमध्ये सेनापती नसतो, पुढच्या रांगेतला शिपाई असतो.

हॅरिसची बोटं जवळून पाहण्यासारखी. तो बास पिकने वाजवत नाही, उजव्या हाताची दोन बोटं तारेवर आळीपाळीने पडतात. एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड, अशी घोड्याच्या दौडीची चाल. गाणं संपेपर्यंत ती मंदावत नाही. पहिल्या रांगेतल्या लोकांच्या ती बरगड्यांत शिरते. कठड्याला छाती टेकून उभं राहिलं की लोखंडातूनही जाणवते. आणि हो, ‘राइम’ वाजलं. पूर्ण वाजलं. वेड्यात काढलेल्या माणसाचा त्या रात्रीचा रुबाब काय सांगावा!

हेवी मेटल आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याला परकं नाही हे मी नेहमी सांगतो, आणि त्यासाठी एका अपघाताकडे बोट दाखवतो. बर्मिंगहॅममधला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. १९६५ सालची गोष्ट. नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसवर काम करणारी बाई आली नव्हती म्हणून त्याला त्या मशीनवर बसवलं. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात उजवाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा बारीक वापरल्या. पुढे त्या सैलही सोडल्या, आणि स्वर खाली, जड, काळोखा झाला. हाच आयोमी ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक, आणि १९७० चा त्यांचा पहिला अल्बम या संगीताचा आरंभ मानला जातो. प्रेस शॉपमध्ये डायखाली बोट जाणं म्हणजे काय, हे भोसरीत कुणाला सांगावं लागत नाही. अशा हाताची माणसं इथल्या गल्लीगल्लीत भेटतात. म्हणून आयोमीची गोष्ट इथे ऐकणारा माणूस गप्प होतो, मग लगेच विचारतो, त्याला कंपनीने भरपाई दिली का.

एड फोर्स वन २००९ च्या फेब्रुवारीत पुन्हा भारतात आलं, बेंगळुरूसाठी. २०१६ च्या दौऱ्याला बँडने त्याहून मोठं बोइंग ७४७ घेतलं, डिकिन्सनने ते उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. सँटियागोच्या विमानतळावर ते ओढून नेताना धडक बसून दोन इंजिनं निकामी झाली, तरी एकही कार्यक्रम रद्द झाला नाही. त्या दौऱ्यात भारत नव्हता. ‘रन फॉर युवर लाइव्हज’ हा पन्नास वर्षांच्या निमित्ताने काढलेला दौरा मे २०२५ मध्ये बुडापेस्टला सुरू झाला, त्या वर्षीच्या तारखाही सगळ्या युरोपातल्याच. तारखांचं पत्रक आलं की इथला चाहता आधी ‘मुंबई’ शोधतो, मग ‘बेंगळुरू’.

आता या वाट पाहण्याला घाई आहे. ड्रमवादक निको मॅकब्रेनला २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोमध्ये तो दौऱ्यांतून निवृत्त झाला. डिकिन्सन कर्करोगातून उठून पुन्हा गायला लागला. हॅरिसचा जन्म १९५६ चा. आजची विशीतली पोरं २००८ ला लहान होती, त्यांनी हा बँड समोर पाहिलेलाच नाही. काळे टी-शर्ट कंपनीच्या गणवेशाखाली घालून ती फर्स्ट शिफ्टला जातात.

आणि मुंबईच कशाला? गहुंज्याचं क्रिकेट मैदान देहूरोडला लागून आहे, २०१२ पासून उभं आहे, सदतीस हजार माणसं बसतात, द्रुतगती मार्ग शेजारून जातो. करायचं तर नीट करायला हवं. गुरगावला २०११ मध्ये ‘मेटॅलिका’चा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि चिडलेल्या लोकांनी रंगमंचाची मोडतोड केली, तसं इथे होऊ नये. रंगमंचासमोरचा कठडा आधी तपासून घ्यावा, पिण्याचं पाणी फुकट द्यावं, बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहं असावीत. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होणार, म्हणून साडेसातला पहिलं गाणं. देहूरोड आणि बेगडेवाडी ही जवळची स्टेशनं. रेल्वेने त्या रात्री अकरानंतर दोन जादा लोकल सोडाव्यात, एक पुण्याकडे, एक लोणावळ्याकडे. आणि तारीख गुरुवारची ठेवावी.